वर्धेच्या धारेत जात्याचा दगड

शेंदूरजनाघाट,
ता. २७ नोव्हेंबर १९३४

ती. खुशालरावभाऊ यांच्या सेवेशी,

देवीदासाचा साष्टांग नमस्कार. दसऱ्याला तुमचे एक पत्र आले, दिवाळीला दुसरे आले, आणि दोन्हींचे उत्तर आज लिहितो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. पहिल्या पत्राच्या वेळी संत्र्यांची तोड चालू होती, हे कारण खरे आहे. दुसऱ्या पत्राला ते लावता येणार नाही, कारण तेव्हा तोड आटोपली होती आणि मी बंगईवर नुसता झोके घेत बसून होतो. खरे म्हणजे जे लिहायला हवे ते लिहिण्याचा धीर होत नव्हता, आणि ते वगळून बाकीची खुशाली लिहिली असती तर ते फसवणे झाले असते. (न लिहिणे हेही फसवणेच नव्हे काय, असा प्रश्न रोजनिशीत मी रोज लिहून ठेवत होतो. रोजनिशीचे एक बरे असते, ती उलट विचारत नाही.)

रुख्मिणीवहिनींचे गुडघे आता कसे आहेत? पानमळ्याला यंदा मर लागली नाही ना? तुमचा पानमळा तुम्हाला एक दिवस सोडत नाही हे आम्ही जाणतो. आमच्या शकुनच्या साक्षगंधाला तुम्ही, तिचे सख्खे मामा, पंगत उठल्यावर आलात आणि विडा तोंडात असतानाच निघालात, तरी कोणी मनाला लावून घेतले नाही. (हे वाक्य पुन्हा वाचले. 'कोणी' हा शब्द जरा जास्त मोठा झाला आहे. मी लावून घेतले नाही, एवढेच खात्रीने सांगू शकतो.) तेवढ्या घटकाभरात तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितले की, अकोल्याचे आपले व्याही किसनराव म्हणजे मासोळीच्या शिकारीसाठी जीव टाकणारा माणूस आहे, त्यांना एकदा वर्धेवर न्या म्हणजे पोरीला सासरी काही कमी पडणार नाही. भाऊ, या पत्रात पुढे जे काही आहे ते सगळे या एका वाक्यातून निघाले आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. देत असेन तर तो किती द्यावा हे अजून ठरलेले नाही.

तर दिवाळी झाल्यावर किसनराव लग्नाचे बोलणे पक्के करायला आले. बैलांच्या रेंगीतून उतरले ते हातात गळाची लांब काठी घेऊनच. काठीला दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. ती मला दिसली. पण पाहुण्याच्या सामानाकडे टक लावून पाहू नये म्हणून मी नजर फिरवली. (तीच चिठ्ठी तेव्हा नीट पाहिली असती तर पुढचे काही घडले नसते. शिष्टाचाराने माझे आजवर किती नुकसान केले आहे, याचा एकदा शांतपणे विचार करायला हवा.) मी स्वतः आयुष्यात मासा धरलेला नाही. नागपूरला कॉलेजात असताना तलावावर एकदा नावेत बसलो होतो, तीही काठाला बांधलेली होती. पण काठी पाहून तोंडातून निघून गेले, "वा! म्हणजे उद्या पहाटेच निघायचं." किसनराव काठीकडे पाहत म्हणाले, "तुमी म्हनसान तसं."

नदीकाठच्या आपल्या वावराजवळ शेषराव भोयाचा डोंगा असतो, तो तुम्ही पाहिला आहे. यंदा दिवाळीनंतर तिकडे बैतूलच्या डोंगरांत अवकाळी पाऊस झाल्यामुळे वर्धा चांगली तट्ट भरून धावत होती. काठाशी गळ टाकला तर बेशरमीच्या झुडपात अडके, म्हणून किसनराव म्हणाले, मोठी मासोळी मधल्या धारेतच असते म्हणतात. ('म्हणतात' हा शब्दही मी ऐकून सोडून दिला.) शेषराव मधे न्यायला तयार, पण मधे थांबायला तयार नाही. "मी मानसं पल्याड नेतो जी. मंधात उभं राहाचं काम नाही माह्या डोंग्याचं." त्याचा बांबू मधल्या डोहात तळाला लागत नाही, आणि आम्ही गळाला आमिष लावेपर्यंत डोंगा खालच्या वळणाला जाऊन टेके. तिथून काठाने ओढत वर आणायचा, पुन्हा मधे जायचे, पुन्हा वळणाला टेकायचे. सगळी सकाळ आम्ही मासे धरायला नव्हे, डोंगा चारायला आणल्यासारखे हिंडलो. तेव्हा मी म्हणालो की, याला लंगर पाहिजे. हे वाक्य उच्चारल्याबरोबर दोघेही माझ्याकडे अशा आदराने पाहू लागले की, लंगर मी फक्त एका इंग्रजी पुस्तकातल्या चित्रात पाहिला आहे, हे सांगायची वेळ निघून गेली.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नाच्या वर्षी मामंजींनी एकाच काळ्या दगडातून दोन जाती घडवून घेतली होती. एक तुमच्या घरी ठेवले, दुसरे सत्यभामेसोबत बंडीतून आमच्याकडे आले. वरुडला चक्की झाल्यापासून त्यावर रोजचे दळण होत नाही, पण शकुनची हळद त्याच जात्यावर दळायची, हे सत्यभामेने पोर पाळण्यात होती तेव्हापासून ठरवलेले आहे. सवाशिणी बसतील, जात्याला आंब्याचा डहाळा बांधतील, पहिली मूठ ती स्वतः टाकील. लंगरासाठी मी घरी परतलो तेव्हा ती शकुनसाठी चुडे पाहायला वरुडला गेली होती. मी घरभर वजनदार वस्तू शोधत होतो. उखळ जमिनीत पुरलेले. पाट्याला दोर बांधला तर निसटणार. आणि जात्याचा वरचा दगड पाहा, वजन नेमके, आणि बरोबर मधोमध आरपार भोक, जणू दोर ओवण्यासाठीच! मी स्वतःला विचारले की, हे बरोबर आहे का? उत्तर आले, संध्याकाळी परत जागेवर ठेवणार असशील तर बरोबर आहे. मी ठेवणारच होतो. तेव्हा हेतूच्या बाजूने माझ्यावर ठपका येत नाही. विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर, तो नाडा, सोडून घेतला, खालच्या दगडावर कोंबड्यांचे डाले पालथे घातले, आणि निघालो.

लंगर डोंग्याच्या पुढच्या टोकाला बांधायचा, म्हणजे डोंगा धारेकडे तोंड करून राहतो, हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी पुढच्या टोकाला व्याही बसले होते. मुलीचा बाप मी. त्यांना 'जरा उठा' कसे म्हणणार? पायावरून ओला नाडा न्यायचा हेही बरे दिसेना. म्हणून मी नाडा मागच्या टोकाला, माझ्याच जवळ बांधला. दगड सोडला. तो तळाला जाऊन कशात तरी असा घट्ट रुतला की मला अभिमान वाटला. डोंगा गर्रकन फिरला, मागचे टोक धारेकडे झाले, खाली दबले, आणि वर्धा सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली. पाणी उपसायला डोंग्यात एकच भांडे, सत्यभामेचा पितळी गडवा. तो मी घेतला तर किसनराव म्हणाले, "तुमी राहू द्या जी, मी उपसतो." मी म्हणालो, पाहुण्यांनी उपसायचे म्हणजे काय! त्यांनी गडवा धरला, मी सोडला नाही. आमची ही ओढाताण चालली असताना पाणी घोट्यावर आले. शेषराव ओरडला, "कोनीबी उपसा बाप्पा, पन डुबल्यावर नका उपसू!" आणि त्याने कमरेचा विळा काढून नाडा सपकन कापला. डोंगा सुटला. नाडा साप गेल्यासारखा पाण्यात गेला.

वळणाला काठावर आम्ही धोतरे पिळत बसलो. थोड्या वेळाने किसनराव खाली पाहत म्हणाले, "एक सांगू का? मले मासोयीचा वासबी सहन होत नाही. खुशालराव म्हने, देवीदासराव मासोयीसाठी येडे हायेत, त्यायच्यासंग एकडाव नदीवर जा, मंग पाहा मानूस कसा खुलते. म्हून काठी घेतली." मी त्यांच्याकडे पाहिले, काठीकडे पाहिले, आणि तुमची आठवण काढून आम्ही दोघे इतके हसलो की शेषरावाने विळा पुन्हा कमरेला लावून दूर जाऊन तंबाखू चोळली. भाऊ, व्याही सोन्यासारखा माणूस दिला आहे तुम्ही. ज्या खोट्याने दिला त्याचा विचार मी बाजूला ठेवतो.

पण दगड पाण्यात, आणि हळद तोंडावर. सरकीचा धंदा सोडून किसनराव थांबले. (म्हणाले, दगड दोघांचा गेला. त्यांच्या घरून मात्र अकोल्याहून कार्ड आले की, बोलणे एवढे लांबते आहे तर सोयरीक मोडत तर नाही ना?) पाणी ओसरायची वाट पाहण्यात आठवडा गेला, आणि एक दिवस सत्यभामा डाल्याकडे पाहत म्हणाली, "हळदीच्या आधी जात्याले टाके लावून घ्या लागते." मी म्हणालो, दगड गुळगुळीत झालाच आहे, पाथरवटाकडून लावून घ्यायला हवेत खरे. यात खोटे काही नाही. "मंग न्या न आजच." आणि ती आत गेली. तेव्हा माझ्या मनात आले की, अर्धे जाते घरात असणे हा पुरावा आहे. सगळे जाते घरात नसले तर ते टाके लावायला गेले आहे असे कोणीही समजेल. कोणी काय समजावे यावर माझा ताबा नाही. मी खालचा दगड पोत्यात गुंडाळून बंडीत ठेवला. त्या पोत्याकडे पाहताना स्वतःबद्दल माझे मत फार चांगले नव्हते, हे नमूद करतो.

विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा चांगला, चहूकडून वाकड्या दातांचा आकडा आमच्या गावात एकच, तो मनकर्णाबाईंकडे. तो न्यायचा तर घरचे एक भांडे त्यांच्याकडे तारण ठेवावे लागते, आणि काय पडले ते सांगावे लागते. माझ्या हातात होता तो गडवा मी ठेवला. "काय पडलं?" दगड, मी म्हणालो. "इहिरीत?" पाण्यात, मी म्हणालो. त्या कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "आन् दगड काहाडाले आकडा पाह्यजे? काहून जी, गावातले दगडं सरले का?" अंगणातल्या बाया हसल्या. मीही हसलो, कारण न हसण्याने संशय वाढला असता.

नदीवर गेल्यावर आणखी एक अडचण दिसली. आकड्याने तळ चाचपायचा तर डोंगा एका जागी उभा पाहिजे. उभा राहायचा तर लंगर पाहिजे. म्हणजे लंगर शोधायला लंगर हवा. पोते उघडले. खालच्या दगडाला आरपार भोक नाही, म्हणून दुसऱ्या विहिरीवरच्या नाड्याचे शिंके करून त्यात तो बसवला, आणि मागच्या अनुभवावरून नाड्याच्या वरच्या टोकाजवळ रॉकेलचा रिकामा, तोंड झाळलेला डबा बांधला. या वेळी नाडा पुढच्या टोकाला. किसनराव आपण होऊन मागे बसले. म्हणाले, "आज मी इवाई नाही. आज मी मजूर." डोंगा धारेकडे तोंड करून असा थांबला की शेषरावसुद्धा म्हणाला, "उभा राह्यला की जी!" आकड्याला आधी बाभळीची फांदी आली, मग कोणाचा तरी जुना जोडा, मग जड, ताठ काहीतरी. कापलेला नाडा! तिघांनी मिळून ओढला. वर आला तो आपला दगड, शेवाळ लागलेला, काळाभोर, जसाच्या तसा. मला अक्षरशः भरून आले. मधल्या भोकात एक सापासारखा लांब वाम मासा अंग घुसवून बसला होता. एवढ्या सगळ्या खटाटोपात आम्ही धरलेला तो एकमेव मासा, आणि त्याला धरले कोणी म्हणाल तर जात्याने. तो भोकातून सुटून डोंग्यात पडला तसे किसनराव, वास सहन न होणारा माणूस, एकदम उभे राहिले. मग जरा गडबड झाली, आणि आम्ही काठावर आलो.

अशी ही हकीकत आहे. दगड सापडला. सर्व कुशल आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
देवीदास

ता. क. — वर 'जरा गडबड झाली आणि आम्ही काठावर आलो' असे लिहिले आहे. पत्र वाचून पाहताना लक्षात आले की, खालच्या दगडाचे काय झाले ते लिहायचे राहिले. राहिले नाही, मी टाळले. किसनराव उभे राहिले, डोंगा कलला, आणि शेषरावाने विळा काढून नाडा पुन्हा कापला. आता वरचा दगड बंडीत आहे आणि खालचा वर्धेत. डबा मधल्या धारेत हेलकावे खाताना दिसतो, एवढेच समाधान. म्हणून विनंती अशी की, तुमच्याकडचे जाते याच्या जोडीचे आहे. त्याचा खालचा दगड पानांच्या टोपल्यांखाली झाकून हळदीच्या आधी, लग्नाच्या दिवशी नव्हे, घेऊन यावा. सत्यभामेस यातले काही माहीत नाही.

दुसरा ता. क. (दुसऱ्या दिवशी संध्याकाळी) — सत्यभामेस सगळे माहीत आहे. गडव्यावर तिचे नाव कोरलेले आहे, आणि मनकर्णाबाईंनी तो ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा ठेवला होता. आज सकाळी तिने मोटेचे बैल सोडवले, किसनरावांना आणि मला बंडीत बसवले, आणि नदीवर गेल्यावर पहिले काम केले ते हे की, शेषरावाचा विळा मागून घेऊन स्वतःच्या पदराखाली ठेवला. शेषराव मुकाट्याने डोंग्यातून जाऊन डबा धरून आला. नाड्याला नाडा जोडून, वरच्या अंगाला काठावर उभ्या केलेल्या बैलांना बांधला. बैलांनी ओढला, दगड निघाला, काठाकडे येऊ लागला, मी टाळी वाजवली. आणि विहिरीवर मोट ओढताना धावेवर जेवढे चालतात तेवढे अंतर झाल्याबरोबर बैल थांबले आणि शिकवल्याप्रमाणे मागे मागे सरू लागले! दगड पुन्हा निघाला नदीत. "अहो इवाई, धरा न!" असे सत्यभामा ओरडली तेव्हा किसनरावांनी नाड्यावर अंग टाकले आणि तो बाभळीला गुंडाळला. मग बैल पुढे गेले की आम्ही ओढून गुंडाळायचे, आणि ते मागे सरले की बाभळीने धरायचे, असे करत करत दगड काठाला लागला. दोन्ही दगड आता अंगणात वाळत आहेत. एकावर एक बसवून पाहिले, फिरतात. किसनराव उद्या अकोल्याला जातात, काठी इथेच ठेवून. मनकर्णाबाईंचा आकडा परत केला. गडवा घेताना त्यांनी गावात दगड पुरेसे आहेत का, म्हणून पुन्हा चौकशी केली.

तिसरा आणि शेवटचा ता. क. — घरी येताना सत्यभामा बंडीत दगडांचे पाणी पुसत बसली. मी समजलो की आता ऐकायचे आहे, आणि ऐकण्याची तयारी केली. शेवटी तिने विचारले, "भाऊले लिहिलं का?" लिहिले. "काय लिहिलं?" तुमचा दगड घेऊन हळदीच्या आधी या, असे. ती म्हणाली, "मंग दगड सापडला हे लिहू नका." मी विचारले, का? "दगडासाठी तं येतीन. नाही तं साक्षगंधासारखे येतीन, अन् पान खात खात जातीन." मग तिने तोंड बाजूला केले आणि घर येईपर्यंत संत्र्याच्या बागा पाहत राहिली, जणू त्या आजच लागल्या होत्या.

भाऊ, मला खोटे लिहिता येत नाही, म्हणून दगड सापडल्याचे वर लिहून बसलो आहे. आता ते खोडले तर कागद घाण होईल आणि न खोडले तर तिचा शब्द मोडेल. तेव्हा मार्ग एवढाच की, तुम्ही पहिल्या ता. क.च्या पुढचे काही वाचले नाही असे समजा, पानमळा चार दिवस वहिनींच्या आणि देवाच्या हवाली करा, आणि तुमच्या जात्याचा खालचा दगड घेऊन हळदीच्या आधी या. दगडाची गरज नाही. पण दगड मात्र आणा, नाहीतर दगड सापडल्याचे मी लिहिले होते हे तिला कळेल.

उद्याचे काम : पत्र टपालात टाकणे. (सत्यभामेने वाचायला मागितलेच तर पहिल्या ता. क.पर्यंतची पाने देणे.)